पोरोंगचा चिखल आणि भरपाईचा तक्ता

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'उद्योग आणि गाव' हा आजचा विषय आम्हाला दिलेला आहे. या विषयावर आपण नेहमी आपल्या इकडची उदाहरणे घेतो. आज आम्ही इंडोनेशियातील एका भागाची हकिगत सांगणार आहोत. आम्ही तिथे जाऊन आलेलो नाही. पण जे घडले ते जाहीर आहे, आणि ते प्रत्येक कामगाराने ऐकून ठेवावे असे आहे. कारण तिथे शेतकरी, भाडेकरू, कारखान्यातला कामगार आणि रेल्वेची लाईन एकाच चिखलात सापडली. पण भरपाईच्या तक्त्यात सगळ्यांना जागा मिळाली नाही.

जावा बेटाच्या पूर्व भागात सुराबाया हे मोठे बंदर आहे. त्याच्या दक्षिणेला सिदोआर्जो जिल्हा आणि त्यात पोरोंग तालुका. ब्रांतास नदीच्या मुखाचा हा गाळाचा प्रदेश. भाताची खाचरे, उसाचे फड, समुद्राकडे मासळीची आणि कोळंबीची तळी. डच अमलात इथे साखरेचे कारखाने निघाले, आणि साखर बंदरावर नेण्यासाठी लाईन पडली. सरकारी रेल्वेचा जावातला पहिला मार्ग सुराबाया ते पासुरुआन, 1878 साली सुरू झाला, तो याच पोरोंगमधून जातो. गेज साडेतीन फुटी, म्हणजे आपल्या मीटरगेजपेक्षा जरासा रुंद.

पुढे सुहार्तोंच्या राजवटीत सुराबायाच्या आसपास कारखानदारी वाढली. सडकेला लागून शेड उभ्या राहिल्या. एकाच घरात बाप शेतावर, मुलगी कारखान्यात, अशी स्थिती झाली. ज्यांच्याकडे परसात जागा होती त्यांनी खोल्या बांधून बाहेरगावच्या कामगारांना भाड्याने दिल्या. ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही तो दुसऱ्याचे खाचर अर्ध्या वाट्याने करी. आपल्याकडे अर्धेली म्हणतात तीच पद्धत. जावात तिला 'मारो' म्हणतात. एका गावात पाच-सहा प्रकारे माणसे जगत होती, आणि प्रत्येकाचे पोट त्या गावच्या जमिनीवर कुठल्या ना कुठल्या रीतीने अवलंबून होते.

याच पोरोंगमध्ये घड्याळाच्या कारखान्यात मार्सिनाह नावाची तरुण कामगार होती. दुसऱ्या जिल्ह्यातल्या खेड्यातून पोटासाठी आलेली. गव्हर्नरच्या परिपत्रकाप्रमाणे रोजची मजुरी 1,700 रुपियांवरून 2,250 करा, एवढीच कामगारांची मागणी. मे 1993 मध्ये संप झाला. 13 सहकाऱ्यांना लष्करी ठाण्यात बोलावून त्यांचे राजीनामे लिहून घेतले. त्याची विचारणा करायला मार्सिनाह गेली, आणि त्याच रात्री नाहीशी झाली. काही दिवसांनी तिचे प्रेत सापडले. खालच्या कोर्टात शिक्षा झाल्या, पण 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. मारेकरी कोण, हे आजपर्यंत सिद्ध झालेले नाही. 10 नोव्हेंबर 2025 रोजी इंडोनेशियाच्या सरकारने तिला राष्ट्रीय वीर घोषित केले. आणि त्याच यादीत, त्याच दिवशी, सुहार्तोंचेही नाव घातले. यावर आम्ही अधिक बोलत नाही.

तो कारखाना आज दिसत नाही. तो चिखलाखाली आहे.

29 मे 2006 रोजी पोरोंगच्या शिवारात जमीन फाटून गरम चिखल वर येऊ लागला. जवळच लापिंदो ब्रांतास या कंपनीची बांजार पांजी-1 ही वायूसाठी खोदलेली विहीर होती. कंपनीने सांगितले की दोन दिवस आधी योग्याकार्ताला झालेल्या भूकंपाचा हा परिणाम. पुष्कळ भूशास्त्रज्ञांनी बोट दाखवले ते खोदाईकडे. 2008 मध्ये केप टाउनला त्यांच्या परिषदेत मत घेतले तेव्हा 42 जणांनी खोदाई हे कारण मानले, भूकंप म्हणणारे तीनच निघाले. इंडोनेशियाच्या न्यायालयांत मात्र कंपनीवर दोष शाबीत झाला नाही, आणि 2009 मध्ये पोलिसांनी तपास बंद केला. चिखलाला या वादाशी काही देणेघेणे नव्हते. जोरात असताना दिवसाला 1,80,000 घनमीटरपर्यंत चिखल बाहेर पडत होता. सिरिंग, जातिरेजो, रेनोकेनोंगो, केदुंगबेंदो ही गावे बुडाली. चाळीस हजारांच्या आसपास माणसे घरातून उठली. त्याच नोव्हेंबरमध्ये जमीन खचून वायूची मोठी पाइपलाइन फुटली, त्यात दहाहून अधिक माणसे गेली. टोलरस्ता तुटला. आपली लाईन बांधाच्या कडेने जाते. तिथली जमीन खचत राहते, रूळ पुनःपुन्हा उचलून भराव घालावा लागतो, आणि मोठ्या पावसात रुळांवर पाणी येऊन गाड्या अडतात. तिथला गँगमन काय भोगत असेल, हे आपल्याला समजावून सांगायला नको.

आता भरपाईकडे येऊ. 2007 च्या अध्यक्षीय आदेशाने एक नकाशा ठरला. नकाशाच्या आतल्यांना कंपनीने पैसे द्यायचे, बाहेरच्यांना सरकारने. पण नकाशातल्यांना दिलेल्या पैशाचे नाव 'भरपाई' नव्हते, 'खरेदी-विक्री' होते. घराच्या जागेला चौरस मीटरला 10 लाख रुपिया, बांधकामाला 15 लाख, भातखाचराला 1 लाख 20 हजार. वीस टक्के आधी, ऐंशी टक्के दोन वर्षांच्या आत. जागा परसाची की खाचराची, एवढ्या एका शब्दावर आठपट फरक! साहजिकच त्या शब्दावरून वाद झाले.

दुसरा वाद कागदाचा. आपल्याकडे सातबारा असतो, खातेउतारा असतो. हे मूळचे महसुलाचे कागद. जावातल्या खेड्यात तसेच 'पेतोक डी' आणि 'लेटर सी' हे सारानोंदीचे जुने कागद पिढ्यान्‌पिढ्या मालकीचे म्हणून चालत आले. सरकारी सर्टिफिकेट थोड्यांकडेच. 1960 च्या जमीन कायद्याप्रमाणे कंपनीला तसली मालकी आपल्या नावावर घेता येत नाही. त्यावर बोट ठेवून कंपनी म्हणाली, या कागदांवर रोख खरेदी होत नाही. त्याऐवजी आमच्या नव्या वसाहतीत घर घ्या. ज्या कायद्याने शेतकऱ्याच्या जमिनीचे रक्षण करायचे, तोच कायदा त्याची जमीन बुडाल्यावर त्याच्या आड आला. लोक राजधानीपर्यंत गेले, मोर्चे काढले, तेव्हा हप्ते ठरले. हप्तेही थकले. मार्च 2014 मध्ये घटनात्मक न्यायालयाने सांगितले की पैसे मिळतील याची हमी सरकारने घेतलीच पाहिजे. 2015 मध्ये सरकारने कंपनीला कर्ज दिले, आणि राहिलेले पैसे त्यातून वाटले गेले. दोन वर्षांचा वायदा आठ वर्षांवर गेला.

हे झाले मालकांचे. पण ज्याने खोली भाड्याने घेतली होती तो काय विकणार? अर्ध्या वाट्याने खाचर करणाऱ्याने काय विकायचे? तीसच्या आसपास कारखाने बंद पडले, त्यांच्या कामगारांनी कोणत्या चौरस मीटरचे पैसे मागायचे? खरेदी-विक्रीच्या तक्त्यात मजुरीचा रकानाच नसतो. आणि कबरींचे काय? जावातले लोक रमजानच्या आधी वाडवडिलांच्या कबरींवर जाऊन फुले वाहतात. पोरोंगचे लोक बांधावर उभे राहून, कबरी जिथे असतील त्या दिशेला तोंड करून प्रार्थना करतात. काही जण त्याच बांधावर, चिखल पाहायला येणाऱ्यांना मोटारसायकलवरून फिरवून चार पैसे मिळवू लागले. मार्सिनाहचे सहकारी आणि तिच्या कारखान्याभोवतीचे गावकरी, दोघांचेही सर्वस्व त्याच चिखलाखाली गेले.

मित्रहो, यातून आपण काय घ्यायचे? आम्हाला तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट. युनियनने कारखान्याच्या फाटकाशी थांबू नये. विहीर खोदायची असो की रसायनाची टाकी बसवायची असो, काय होणार आहे हे शेजारच्या गावाला आधी सांगितले पाहिजे, ही मागणी कामगारांनी केली पाहिजे. आतले धोके पहिल्यांदा आपल्याला कळतात. आपण गप्प बसलो तर गावाला कोण सांगणार?

दुसरी गोष्ट. कागद. आपले बहुतेक सभासद गावचे आहेत. वडिलांच्या नावावरची जमीन, वारसनोंद, घराची नोंद, भाड्याची पावती, हे सर्व आजच नीट करून घ्या. संकट आल्यावर तलाठी सापडत नाही. प्रत्येक शाखेने यासाठी महिन्यातून एक दिवस ठेवावा, अशी आमची सूचना आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. भरपाईच्या तक्त्यात बिनजमिनीच्या माणसाचा रकाना असलाच पाहिजे. आपल्या देशाच्या 2013 च्या भूसंपादन कायद्यात, तीन वर्षे त्या जमिनीवर पोट असणारे शेतमजूर, कुळे, वाटेकरी आणि कारागीर यांना 'बाधित कुटुंब' मानले आहे. हा हक्क कुणी दान दिलेला नाही. जमीन गेलेल्यांच्या अनेक लढ्यांतून तो आलेला आहे. पण कायद्यातली ओळ आणि तलाठ्याच्या यादीतले नाव यांत फार अंतर असते. ते नाव यादीत घालून घेणे हे युनियनचे काम आहे. मोजणीला साहेब येतात तेव्हा आपला कार्यकर्ता तिथे हजर असला पाहिजे.

कारखाना यावा, लाईन यावी, याला आमचा विरोध नाही. आमचीच भाकर लाईनवर आहे. पण ज्या गावाच्या शेजारी धुराडे उभे राहते त्या गावातला शेवटचा भाडेकरूसुद्धा आपलाच माणूस आहे, हे धरून आपण चाललो तरच आपली संघटना खरी. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.

कामगार-शेतकरी एकजूट जिंदाबाद!