रस्ता, सात-बारा आणि भावकी



हातखंब्याच्या तिठ्यावर रत्नागिरीचा रस्ता फुटतो, आणि आपल्या पालीला कोल्हापूरचा. रस्त्याने या गावाला काय दिले ते आम्ही येथे येऊन सांगायला नको. पण रस्ता रुंद होऊ लागला म्हणजे मातीबरोबर आणखी काय काय उकरले जाते, त्याविषयी चार शब्द बोलावेत म्हणून आम्ही उभे आहोत.

भूसंपादन म्हटले की आपल्यापुढे एक ठरीव चित्र येते. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला शेतकरी. २०२३ च्या एप्रिलात बारसूच्या सड्यावर माती-परीक्षणाच्या वेळी हेच चित्र साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. ते खोटे नाही. पण ते अर्धे आहे.

दुसरे अर्धे पाहायचे तर परशुराम घाटात जावे. चौपदरीकरण तेथे कित्येक दिवस अडले. कारण दरड जितके, तितकाच मोबदलाही. परशुराम आणि पेढे या गावांत देवस्थान, खोत आणि कुळे असे तीन हक्कदार पुढे आले, आणि पैशाचा वाटा कोणाचा किती यावर एकमत होईना. खोती तर १९४९ च्या कायद्याने गेली! कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणाऱ्याला मालक मानले. मात्र देवस्थानांच्या जमिनींना सूट मिळण्याची वाट त्यात ठेवली होती. जे प्रश्न कागदावर मिटले असे आपण समजत होतो, ते रस्त्याच्या एका आखणीने उठून बसले.

हे नवे नाही. १९२१ साली मुळशीला टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापटांचे नाव आपण आदराने घेतो. परंतु तेथील पुष्कळ जमिनी सावकारांकडे गेलेल्या होत्या, आणि वाढीव मोबदल्याची बोलणी सुरू होताच ज्यांच्या नावे जमीन त्यांचे मन वळले. ज्याच्या चुलीत पाणी शिरणार होते तो मावळा कागदावर बहुधा कोणीच नव्हता.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू, कारण घात तेथेच होतो. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यान्वये अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला २१ दिवस. पुढची घोषणा प्रसिद्ध होताच जमीन सरकारची. मोबदल्याची रक्कम अधिकाऱ्याकडे जमा झाली की ६० दिवसांत ताबा सोडण्याची नोटीस देता येते. रक्कम जमा व्हावी लागते. ती तुमच्या हाती पडलीच पाहिजे असे नाही. वाट्याबद्दल तंटा असेल तर प्रकरण दिवाणी न्यायालयात जाते. म्हणजे जमीन गेली, पैसा पेटीत, आणि भाऊ-भाऊ तारखांना!

कोकणात तंटा नसेल असा सात-बारा आम्हांला क्वचितच दिसला. पंचवीस-तीस नावे, त्यांतली निम्मी वारलेल्यांची, उरलेली परळ-लालबागेपासून विरार-डोंबिवलीपर्यंत पांगलेली. जमीन कसतो एक, घरपट्टी भरतो दुसरा, आणि हिस्सा सर्वांचा. चुलत्याच्या नावच्या जमिनीत आपल्या आजोबांनी लावलेले हापूसचे कलम असते. मोबदल्यात झाडांची किंमत वेगळी धरतात, आणि कधी कधी ती जमिनीच्या किमतीलाही मागे टाकते. मग आजोबांनी खड्डा खणला की नुसते पाणी घातले, यावर साक्षी निघतात.

सड्याची गत याहून वाईट. कातळाची नोंद बहुतेक पोटखराबा अशी, म्हणून त्याला भाव कमी. परंतु पावसाळ्यात गुरे चरतात ती तेथेच, आणि भाजावळीचे गवतही तेथूनच येते. हे उत्पन्न कोणत्या रकान्यात लिहावे? ते लिहायला रकानाच नाही. सरकारला आमचा दोष आहे तो येथे. पीक दिसत नाही म्हणून पडीक म्हणणे, ही पाहण्यातली चूक आहे, आणि तिचा तोटा सर्वांत गरीब घराला बसतो.

२०१३ च्या कायद्याने मोबदला वाढला. त्यातील किमतीचे नियम २०१५ पासून महामार्गालाही लागू झाले. बाजारभावावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळू लागली. हे चांगलेच झाले. पण रक्कम वाढली तसे तंटेही वाढले, कारण पूर्वी ज्या हिश्श्यासाठी मुंबईहून एस्टीचे भाडे खर्चावे असे कोणाला वाटत नव्हते, त्यासाठी आता वकील देणे परवडते.

मे महिन्यात चाकरमानी येतील. आंबे खाऊन होतील, पालखीच्या गोष्टी निघतील. त्याच आठवड्यात एक दिवस काढून सर्वांनी मिळून तलाठ्याकडे वारसनोंदी कराव्यात. सर्व सहधारकांची संमती असेल तर महसूल अधिनियमाच्या ८५ व्या कलमाखाली तहसीलदाराकडून वाटपही होते. मोजणीचे खुंट ठोकायला माणसे यायच्या आधी हे उरकले तर रस्त्याच्या नकाशाविरुद्ध हरकत घ्यायला सारी भावकी एका सहीने उभी राहील. येताना थोरल्या आजोबांचा मृत्यूचा दाखला मात्र विसरू नका. तो मुंबईच्या वॉर्ड ऑफिसातून काढावा लागत असेल, तर खटपट आजच सुरू करा.