कोरी जागा

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो, पहाटे धारा काढून, दूध डेअरीला घालून वेळेवर इथे पोचलेले तुमचे आईवडील मला मागच्या रांगांत दिसताहेत.

सकाळी चेलाडी फाट्यावर उतरल्यावर मी आधी बनेश्वराच्या देवळात जाऊन आले. तिथली मोठी घंटा तुम्ही लहानपणापासून पाहिली असेल. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा आणलेली ती पोर्तुगिजांची घंटा. तिच्यापाशी मी बराच वेळ उभी होते. माझा जन्म १९५० चा, गोव्यातला. वसई गेली तरी गोवा पोर्तुगिजांकडेच राहिला होता, आणि माझी पहिली अकरा वर्षं त्यांच्याच राज्यात गेली.

माझे वडील तिथे एका छापखान्यात जुळारी होते. खिळे जुळवणारे. पोर्तुगालमध्ये सालाझार १९३२ पासून पंतप्रधान होता. त्याच्या राजवटीत सभा बंद, संघटना बंद आणि छापायचा प्रत्येक शब्द आधी सरकारला दाखवायचा. लग्नपत्रिकासुद्धा. माझ्या आत्याची पत्रिका मंजुरीला गेली, ती परत आली तेव्हा ‘स्वतंत्र आमंत्रण पाठवणे शक्य नाही’ या ओळीतला ‘स्वतंत्र’ शब्द लाल पेन्सिलीनं खोडलेला होता. बाबांनी ते खिळे काढून तिथे ‘वेगळे’ जुळवलं. आत्या शेवटपर्यंत म्हणायची, माझ्या लग्नात सगळे आले, एक शब्द तेवढा आला नाही.

अशा राज्यात माणसं जगतात कशी, हे मला पुण्यातल्या मैत्रिणी विचारायच्या. जगतात. आई भाकऱ्या थापते, मुलं शाळेत जातात, देवळात भजन होतं. फक्त घरात बोलताना आवाज खाली येतो आणि तो पुढे आयुष्यभर खालीच राहतो. पुण्याचं एखादं वर्तमानपत्र हाती लागलं, तर ते वाचून त्याच रात्री चुलीत जायचं. बाबा कुठे काम करतात असं कुणी विचारलं, तर ‘ठाऊक नाही’ म्हणायचं, हे मला मुळाक्षरांच्या आधी शिकवलेलं होतं.

१९५५ साली मे महिन्यात पुण्याहून नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहाची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. बापट तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. नानासाहेबांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि १९५७ मध्ये सुटका होईपर्यंत ते तिथल्या तुरुंगात होते. पंधरा ऑगस्टला हजारो निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून गेले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. त्यानंतरच्या आठवड्यात कुणीतरी रात्री चोरून छापलेलं एक पत्रक सापडलं, आणि बाबांना चौकीवर नेलं.

दोन दिवस ठेवलं. मारलं, पण त्याबद्दल बाबा कधी बोलले नाहीत. बोलले ते एकाच गोष्टीबद्दल. तिसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे एक कोरा कागद ठेवला आणि खाली सही करायला सांगितलं. सही केली की घरी. घरी पाच वर्षांची मी होते, आई होती. बाबांनी सही केली. पुढे त्या कागदावर वरून मजकूर भरला गेला, की पत्रक खिळ्यांच्या शेजारच्या केसवर काम करणाऱ्या अमुक माणसानं जुळवलं, मी डोळ्यांनी पाहिलं. तो माणूस आग्वादच्या किल्ल्यातल्या तुरुंगात गेला. पत्रक त्यानं जुळवलं होतं की नाही, हे बाबांना खरोखरच माहीत नव्हतं.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. सगळं गाव रस्त्यावर होतं. बाबा घरात बसून राहिले. पुढच्याच वर्षी आम्ही पुण्याला आलो.

१९६८ साली मी एका छापखान्यात मूळ प्रत मोठ्यानं वाचून दाखवण्याच्या कामाला लागले आणि पुढे मुद्रितशोधक झाले. चाळीस वर्षं हेच केलं. या व्यवसायाबद्दल माझ्या मनात एक सल आहे, तो आज बोलणार आहे. पुस्तकावर लेखकाचं नाव, प्रकाशकाचं नाव, मुखपृष्ठ करणाऱ्याचं नाव. ज्यानं तीनतीन वेळा ओळन् ओळ तपासली त्याचं नाव कुठेही नाही. मोबदला फॉर्मामागे, तोही सहा-सहा महिने थकलेला. बासष्ट साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, बहात्तर साली त्यांत आणखी चार आले, आणि उच्चारात नसलेले अनुस्वार आम्ही एकेक करून पानांवरून उतरवले. ते कष्ट कुणी मोजले नाहीत. आता बहुतेक वर्तमानपत्रांनी मुद्रितशोधकाची जागाच काढून टाकली आहे. रोज सकाळी पहिल्या पानावर चूक दिसते आणि मला त्रास होतो. चुकीचं छापलं तरी चालतं, अशी सवय समाजाला लागली की पुढे खोटं छापलेलंही चालू लागतं.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. अठ्ठावीस जूनला इंडियन एक्सप्रेसनं अग्रलेखाची जागा कोरी सोडली. मग जागा कोरी सोडण्यावरही बंदी आली. आमच्याकडून गॅली, म्हणजे जुळवलेल्या मजकुराची पहिली प्रत, सरकारी तपासणीला जायची आणि लाल पेन्सिलीच्या खुणा घेऊन परत यायची. गाळलेल्या मजकुराच्या जागी काहीतरी भरावं लागायचं, म्हणून पाककृती जुळवून तयार ठेवलेल्या असत. अटकेच्या बातमीच्या जागी अळूवडी. त्या अळूवडीची प्रुफं मी तपासली आहेत. पाककृतीत एक अक्षर चुकीचं नव्हतं, आणि ते पान खोटं होतं. पुढेपुढे मालकच मजकूर आधी छाटून पाठवू लागले, म्हणजे तपासणाऱ्याला त्रास नको. मी गप्प राहिले. माझा आवाज लहानपणीच खाली आलेला होता.

त्याच वर्षी डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्र सरकारातले मंत्री. त्या मांडवात दुर्गाबाईंनी आणीबाणीला विरोध करणारे आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. मी मागच्या बाजूला होते. आधी थोडे उठले, मग मांडव उठला. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. पण जयप्रकाशांचं नाव त्या दिवशी कुणाला गाळता आलं नाही.

मुलांनो, तुमच्यातले काही तलाठी होतील, काही ग्रामसेवक, काही बँकेत, काही दवाखान्यात नोंदी ठेवायला. भोर-वेल्ह्यात धरणं झाली आहेत, जमिनी गेल्या आहेत. कागदावरच्या सहीचं वजन तुमच्या आजोबांना विचारा. जुलमी राज्य बंदुकीवर फार तर वर्षभर चालत असेल. सालाझारचं छत्तीस वर्षं चाललं, ते टेबलामागे बसलेल्या माणसांवर. कुणीतरी पंचनामा घटनेच्या आधी लिहिला, कुणीतरी हजेरीपट महिन्याचा एकदम भरला, कुणीतरी कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या, म्हणून ते चाललं. तुमच्यासमोर कोरा कागद येईल. मारणारा माणूस आणेलच असं नाही, ओळखीचा साहेब हसून आणेल. नंतर भरू, म्हणेल. त्यावर सही करू नका. आणि ज्या दिवशी टेबलाच्या पलीकडे तुम्ही असाल, त्या दिवशी दुसऱ्याची घेऊ नका. एवढं एकच मागायला मी पुण्याहून आले.

बाबांच्या त्या सहीची गोष्ट अजून संपलेली नाही. मोहन रानडे हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं आहे? सांगलीकडचा तरुण, मराठीचा शिक्षक म्हणून गोव्यात गेला आणि गोवा मुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात शिरला. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. त्यांना पुढे पोर्तुगालला नेलं होतं, म्हणून गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षं ते लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगातच राहिले. लोक विसरत चालले होते. संगीतकार सुधीर फडके यांनी ते नाव विसरू दिलं नाही, सुटकेसाठी समिती उभी केली. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपना भेटून रानड्यांसाठी शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले.

ती बातमी मीच बाबांना वाचून दाखवली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, कागद घे. आणि चौदा वर्षांनी त्यांनी ती हकिगत सांगितली. वार, तारीख, चौकी, त्या माणसाचं पूर्ण नाव, आणि आपण काहीही पाहिलेलं नव्हतं, हे. मी लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसून कागद वाचला, एका वेलांटीवर बोट ठेवलं, मी ती सुधारली. मजकूर पानाच्या निम्म्यावर संपला होता. बाबांनी माझ्या हातातून पेन घेतलं, खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरपी रेघ ओढली, आणि मजकुराच्या शेवटच्या ओळीला अगदी चिकटून सही केली.