अणू, रेणू आणि प्राणवायूचे चुंबकत्व

भोपाळच्या अशोका गार्डनसारख्या वस्तीतील मराठी कुटुंबांत दोन भाषांतील विज्ञान शेजारी-शेजारी नांदते. नातवाच्या हिंदी पाठ्यपुस्तकातील ‘आण्विक कक्षक सिद्धांत’ हे शीर्षक महाराष्ट्रात शिकलेले आजोबा वाचतात, तेव्हा हा सिद्धांत अणूविषयीचा असावा असेच त्यांना वाटते. परंतु हिंदीतील ‘अणु’ म्हणजे मराठीतील रेणू. मराठीतील अणूला हिंदी ‘परमाणु’ म्हणते. हा घोटाळा केवळ शब्दांचा नव्हे. या सिद्धांताचे सारे मर्मच अणू आणि रेणू यांच्या भेदात आहे.

प्राणवायूचेच पाहावे. त्याचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले आहेत, असे चित्र विद्यार्थी काढतो. त्या चित्रात प्रत्येक इलेक्ट्रॉनाला जोडीदार असतो. जोडीतील इलेक्ट्रॉनांचे चुंबकत्व परस्परांना छेदते. तेव्हा प्राणवायू चुंबकाकडे ओढला जाऊ नये. प्रत्यक्षात मात्र उणे १८३ अंश सेल्सिअसखाली द्रवरूप होणारा हा फिकट निळा पदार्थ चुंबकाच्या ध्रुवांना जाऊन चिकटतो. जेम्स ड्यूअर यांनी १८९१ मध्ये ते दाखविले होते. चित्र सुबक खरे, पण चुंबकापुढे ते टिकले नाही.

हुंड आणि मुलिकन यांनी १९२७ च्या सुमारास निराळा विचार मांडला. इलेक्ट्रॉन एकेका अणूच्या मालकीचे न मानता सबंध रेणूचे मानावेत; एकत्र कुटुंबातील मिळकतीसारखे म्हणा ना! लेनर्ड-जोन्स यांनी १९२९ मध्ये ही दृष्टी प्राणवायूला लावली. दोन्ही अणूंच्या बाहेरील १२ इलेक्ट्रॉनांपैकी ८ बंध घट्ट करतात, ४ तो सैल करतात. वजाबाकीची निम्मी संख्या २, म्हणून बंध दुहेरीच राहतो. परंतु सैल करणाऱ्यांपैकी अखेरचे दोन इलेक्ट्रॉन समान ऊर्जेच्या दोन कक्षकांत एकेकटे राहतात. या दोन एकट्यांमुळेच प्राणवायू ‘अनुचुंबकीय’ ठरतो. ‘अनु’ म्हणजे मागोमाग जाणारा. शब्द मोठा समर्पक आहे.

हाच हिशेब संयुगांनाही लागू पडतो. पोटॅशियम सुपरऑक्साइडात प्राणवायूच्या जोडीला एक इलेक्ट्रॉन अधिक मिळतो. दोन एकट्यांपैकी एकाला जोडीदार लाभतो, दुसरा एकटाच राहतो. म्हणून ते संयुग अनुचुंबकीयच असते. सोडियम पेरॉक्साइडात असे दोन इलेक्ट्रॉन अधिक येतात, एकटा कोणीच उरत नाही, आणि चुंबक त्याला किंचित दूरच लोटतो.