निरोगी माणसांसाठी रुग्णालयाचे आवार कशाला?

(देणगीदार व विश्वस्त यांच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या एका ज्येष्ठ देणगीदारांचे या वर्षी एक पत्र आले. त्यांनी विचारले होते, ‘रुग्णालय हे आजारी माणसांसाठी आहे. मग पहाटे धावणाऱ्या धडधाकट मंडळींना तुम्ही आवार का देता? आमची देणगी त्यासाठी होती काय?’ प्रश्न रोखठोक आहे आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. अशा प्रश्नाचे उत्तर एका लिफाफ्यात घालून मोकळे होण्यापेक्षा सर्वांसमोर द्यावे, असे आम्हांस वाटले.

आम्ही हिशेबाची माणसे आहोत, म्हणून आरंभ हिशेबानेच करतो. धावक मंडळींना रुग्णालयाकडून मिळते ते इतकेच : पहाटे सव्वापाच ते सात या वेळेत मागील आवार, तेथील दोन दिवे, पिण्याच्या पाण्याचा एक नळ आणि पावसात उभे राहण्यासाठी भौतिकोपचार विभागाची पडवी. धर्मादाय रुग्णालय म्हणून आपल्यावर काही बंधने आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली निश्चित केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात आणि रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. त्या निधीतील एक पैसाही या उपक्रमाकडे वळलेला नाही व वळणार नाही. धावपटूंचे बूट, स्पर्धांचे प्रवेशशुल्क, प्रवास हा सर्व खर्च ज्याचा त्याने करावयाचा आहे.

आता ही मंडळी कोण आहेत ते सांगतो. आपल्या साताऱ्यात धावणे ही नवलाची गोष्ट उरलेली नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचे आणि त्याच वाटेने उतरून शहरात परतायचे, असे ते सुमारे २१ किलोमीटरचे अंतर. २०१५ साली या स्पर्धेतील २,६१८ धावकांच्या सहभागाची नोंद गिनेस बुकात झाली. याच जिल्ह्यातील माण तालुक्यात, मोही या गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचल्या व दहाव्या आल्या. हा या मातीचा अभिमान आहे. मात्र आपल्या आवारात जमणारी मंडळी त्या पंक्तीतील नव्हेत. बँकेतील कर्मचारी, किराणा दुकानदार, शिक्षिका, निवृत्त पोलीस हवालदार, दोन परिचारिका आणि लेखा विभागातील आम्ही चौघे, असा हा गट आहे. पदक कोणासही मिळणार नाही, हे प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ठाऊक असते.

मग ही माणसे पहाटेची झोप मोडून का येतात? आम्ही अनेकांना विचारले, तेव्हा उत्तरे निरनिराळी मिळाली. कोणाच्या रक्तातील साखर वाढली होती. कोणाचे वडील पन्नाशीतच हृदयविकाराने गेले होते. एका भगिनीने सांगितले, ‘दिवसभर मी कोणाची तरी सून, कोणाची तरी आई असते. हा एक तास मी कोणाचीच कोणी नसते.’ हवालदारसाहेब म्हणाले, निवृत्तीनंतर सकाळी उठण्यासाठी काही कारण उरले नव्हते. आरोग्य हे कारण घेऊन बहुतेक जण येतात, टिकतात ते मात्र सोबतीसाठी. एकट्याने गजर बंद करून पुन्हा झोपणे सोपे असते. कोपऱ्यावर दोघे आपली वाट पाहत उभे आहेत, हे माहीत असताना ते जमत नाही.

या गटाचे दोन नियम आहेत. पहिला, आपसांत बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे; दम लागून शब्द तुटू लागला की चालायचे. दुसरा, शेवटचा माणूस परत आल्याखेरीज कोणी घरी जायचे नाही. आम्ही चौघे बहुधा त्या शेवटच्यांतच असतो, त्यामुळे या नियमाचे मोल आम्हांस अधिक कळते. घाटात पहिल्या वळणापर्यंत पाय कुरकुरतात, छाती भरून येते, परत फिरावे असे मन म्हणते. पुढे श्वासाला लय सापडते. वरून धुक्यातले शहर आणि समोर अजिंक्यतारा दिसू लागला की तक्रार आपोआप थांबते. उतरताना गुडघे सांभाळावे लागतात हे खरे. चढ दम पाहतो आणि उतार सांधे पाहतो, असे आमचे भौतिकोपचारतज्ज्ञ सांगत असतात.

गुडघ्यांचा विषय निघालाच आहे, तर बहुतेक नातेवाईक विचारतात त्या शंकेविषयी सांगतो. धावल्याने गुडघे झिजतात काय? अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गुडघा व खुबा यांच्या संधिवाताचे प्रमाण छंद म्हणून धावणाऱ्यांत ३.५ टक्के, न धावणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंत १३.३ टक्के आढळले. ज्यांचे सांधे मुळात चांगले तेच धावत राहतात, ही बाब ध्यानी घेऊन हे आकडे वाचावेत. तरीही बेताने धावणे हे गुडघ्यांचे शत्रू नव्हे, इतके त्यांवरून म्हणता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटांचा जोरकस व्यायाम सुचविला आहे. वाणिज्य शाखेच्या भाषेत बोलायचे तर ही आवर्ती ठेव आहे. हप्ता लहान असला तरी चालतो, तो चुकता मात्र कामा नये.

मित्रहो, या विषयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जिम फिक्स या अमेरिकन लेखकाने १९७७ साली धावण्यावर पुस्तक लिहिले आणि लक्षावधी लोकांना रस्त्यावर आणले. १९८४ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, धावत असतानाच हृदयविकाराने त्याचे निधन झाले. त्याचे वडीलही त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. धावणे हृदयाला बळ देते. आधीच अरुंद झालेली रक्तवाहिनी ते पुसून टाकत नाही. ‘मी धावतो, मला काय होणार?’ हा गैरसमज धावणाऱ्यांतच अधिक आढळतो.

आमच्या गटात याचा प्रत्यय आला. एक सभासद घाटात तीन-चार दिवस मागे पडू लागले. चढावर छातीत दाटल्यासारखे होते आणि थांबले की बरे वाटते, असे ते सहज बोलून गेले. पित्त असावे, असा त्यांचा तर्क होता. सोबत धावणाऱ्या परिचारिकेने त्यांना तेथेच थांबवले, वाहन बोलावून थेट आपल्या रुग्णालयात आणले. तपासणीत एका प्रमुख रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला व वेळीच उपचार झाले. आज ते डॉक्टरांच्या अनुमतीने चालतात आणि पाण्याच्या नळापाशी उभे राहून आमची हजेरी घेतात. एकटे धावत असते, तर त्यांनी ती दाटण कोणाला सांगितली असती?

या प्रसंगानंतर काही अटी लेखी केल्या आहेत. चाळिशी ओलांडलेल्या, अथवा मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्या प्रत्येकाने प्रवेशापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. ताप असताना धावू नये. छातीत, जबड्यात वा डाव्या हातात दुखणे, भोवळ किंवा अवेळी धाप यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच क्षणी थांबावे व सोबत्याला सांगावे.

रुग्णांच्या नातेवाइकांविषयीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर रात्र काढणाऱ्या माणसाची अवस्था आपण सारे जाणता. भावाच्या शस्त्रक्रियेसाठी पाटण भागातून आलेले एक गृहस्थ आठ दिवस त्या बाकावर होते. तिसऱ्या पहाटे ते पडवीत येऊन उभे राहिले. कोणीतरी ‘चला की’ म्हटले, तेव्हा पायातल्या चपलांसह ते आवाराला दोन फेऱ्या चालून आले. नंतर रोज येऊ लागले. जाताना म्हणाले, ‘आत मला काहीच करता येत नव्हतं. इथं निदान पाय तरी चालत होते.’ त्यांच्या भावाला बरे केले ते आपल्या डॉक्टरांनी. त्या गृहस्थांकडे पाहणारे मात्र रुग्णालयात दुसरे कोणी नव्हते.

धावणे हा सर्वांवरचा उतारा आहे, असे आम्ही म्हणत नाही. जी माऊली दिवसभर शेतात वा बांधकामावर राबते, तिला पहाटे धावायला सांगणे हा उद्धटपणा ठरेल. तिला विश्रांती आणि पोटभर अन्न हवे. ज्यांचे पायच आजाराने हिरावले, त्यांच्यापुढे धावण्याचे गोडवे गाऊ नयेत, याचेही भान गटाला आहे. म्हणूनच वॉर्डांच्या खिडक्यांखालून जाताना बोलणे बंद ठेवण्याचा शिरस्ता आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. देणगीदार महोदय, आपली देणगी आजारी माणसांसाठीच होती आणि ती त्यांच्यासाठीच खर्च झाली. तिचा तपशील याच अहवालातील ताळेबंदात आहे. आवार मात्र पहाटे रिकामेच असते. रिकाम्या जागेतून एखादा रुग्ण आपल्या दाराशी उशिरा येण्याऐवजी वेळेवर आला, किंवा आलाच नाही, तर त्याची जमा कोणत्या खात्यात दाखवावी, हे आमच्या हिशेबशास्त्रात लिहिलेले नाही. ती जमा आहे, एवढे निश्चित.

येत्या वर्षीही हे आवार खुले ठेवावे, अशी विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती आहे. पत्रलेखक महोदयांनाही आग्रहाचे निमंत्रण देतो. धावू नये, केवळ यावे. सव्वापाचला नळापाशी हजेरी घेणारे आपले वाट पाहत असतील.