टाका न घालता कप्पे

बेळगावकडच्या पुष्कळ घरांत एखादे जीर्ण इरकली लुगडे असतेच. त्याचा पदर शिवलेला नसतो. ताण्याचे फासे एकमेकांत अडकवून तो जोडतात. त्याच लुगड्यातून, सुईवाचून, भिंतीवरचे कप्पे होतात.

६० सेंटिमीटर उंच, ४० रुंद पुठ्ठ्यावर दीड मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद कापड वरून सोडावे. थोडे खाली आणून १२ सेंटिमीटर वर दुमडावे, पुन्हा खाली सोडावे. असे तीनदा करता तीन कप्पे पडतात. चारी कडा मागे वळवून कणकेच्या शिजवलेल्या खळीने चिकटवाव्यात. वजनाखाली दिवसभर वाळवून सुतळीने टांगावे. मात्र ओलसर भिंत टाळावी; खळीला कसर लागते.

अपरात्री औषधाची चिठ्ठी चटकन हाती लागली, की त्या वस्त्राचे सार्थक झाले.