निघून जाण्याची मोकळीक

दोन माणसांच्या वयात वीस-पंचवीस वर्षांचं अंतर आहे आणि त्यांचं प्रेम जमलंय असं कळलं, की आपण आधी वयं मोजायला बसतो. स्वीडन आणि डेन्मार्कमधले काही चित्रपट पाहताना मला दुसराच प्रश्न पडत गेला. या दोघांपैकी एखाद्याला उद्या निघून जावंसं वाटलं, तर त्याला जाता येईल का?

इंगमार बर्गमनचा 'स्माइल्स ऑफ अ समर नाइट' हा १९५५चा स्वीडिश चित्रपट. पुढच्याच वर्षी कान महोत्सवात त्याला काव्यात्म विनोदासाठी पारितोषिक मिळालं. फ्रेडरिक एगरमन हा मध्यमवयीन, प्रतिष्ठित वकील. त्याची दुसरी बायको अ‍ॅन अवघी १९ वर्षांची. लग्नाला दोन वर्षं झाली, पण संसार खऱ्या अर्थानं सुरूच झालेला नाही. दुपारच्या झोपेत हा गृहस्थ पुटपुटतो ते नाव जुन्या मैत्रिणीचं, देझिरे नावाच्या नटीचं. आणि ते ऐकते शेजारी पडलेली अ‍ॅन. घरात पहिल्या बायकोचा मुलगा आहे, धर्मशास्त्र शिकणारा. त्याचा जीव या सावत्र आईवर जडलेला. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. एका रात्री ती दोघं घोडागाडीतून पळून जातात. फ्रेडरिक आडोशाला उभा राहून बघतो, अडवत नाही. त्याच्या हाती उरतं ते तिचं गळून पडलेलं शुभ्र, तलम वस्त्र. चित्रपट विनोदी खरा, पण इथे हसू येत नाही. दोन वर्षांत त्यानं तिच्यासाठी केलेली हीच सगळ्यात चांगली गोष्ट असावी.

डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायर यांचा 'गेरत्रुड' १९६४चा. ड्रायर तेव्हा ७५ वर्षांचे होते आणि हा त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. पॅरिसमध्ये तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा समीक्षकांनी त्याला झोडपून काढलं. चित्रपट संथ आहे, हे कबूल. पात्रं शेजारी शेजारी बसून बोलतात, पण एकमेकांकडे क्वचितच बघतात. गेरत्रुडचा नवरा मंत्री होण्याच्या बेतात आहे. ती त्याला सोडते, कारण तिचं मन एका तरुण पियानोवादकावर बसलंय. तो तरुण मेजवानीत चारचौघांसमोर तिच्याबद्दल फुशारकी मारतो. ही बातमी तिला सांगतो गाब्रिएल लिडमन, तिचा जुना प्रियकर. हा मोठा कवी; प्रेमाचा कवी म्हणून त्याचा सत्कार चाललेला. याच माणसानं कधीकाळी कागदाच्या कपट्यावर लिहून ठेवलं होतं, की बाईचं प्रेम आणि पुरुषाचं काम यांचं हाडवैर असतं. तो कपटा तिच्या हाती लागला आणि ती त्याला सोडून गेली होती. पन्नाशी ओलांडलेला, कविता लिहिणारा माणूस म्हणून हा प्रसंग मला फार झोंबतो. आता तो पुन्हा तिची विनवणी करतो. ती तिघांपैकी कुणाचीच होत नाही. शेवटी पांढऱ्या केसांची गेरत्रुड एका जुन्या मित्राला त्याची पत्रं परत करते, त्याला निरोप देते आणि स्वतःच्या हातानं दार लावून घेते. एकटी राहिली, पण तिच्या मर्जीनं.

आता मे एल-तूखी या दिग्दर्शिकेचा 'क्वीन ऑफ हार्ट्स', २०१९चा, डॅनिशच. इथली अ‍ॅन वयानं मोठी आहे, वकील आहे, आणि अत्याचार सोसलेल्या मुलांची बाजू लढवते. घरात नवऱ्याचा किशोरवयीन मुलगा राहायला येतो आणि ती त्याला आपल्या जाळ्यात ओढते. प्रकरण उघडकीला यायची वेळ येते तेव्हा ती साफ नाकारते आणि मुलालाच खोटं पाडते. नवरा तिचं ऐकतो. कायदा कसा वापरायचा, कुणाच्या शब्दाला वजन असतं, हे तिला धंद्यामुळेच ठाऊक आहे. घर तिचं, माणसंही तिच्या बाजूची. मुलानं जायचं कुठे? त्रिने डिरहोम या अभिनेत्रीनं ही बाई इतकी सहज, हसतमुख रंगवलीय, की सुरुवातीला आपल्याला ती चक्क आवडते. हा चित्रपट प्रणयपटांच्या यादीत कुणी घातला असेल, तर त्यानं तो तिथून काढावा.