दुष्काळ आणि देशत्याग



सोमालियांत इ. स. २०१० चा शेवटचा व २०११ चा पहिला असे दोन पावसाळे लागोपाठ हुकले; यादवीमुळें मदतीची वाटही अडली. हजारों कुटुंबें सरहद्द ओलांडून केनियांतील दादाब येथील छावण्यांत गेलीं. त्यांची दैना जगानें पाहिली. परंतु ज्यांचीं गुरें आधींच मेलीं, त्यांजपाशीं वाटखर्च कोठला? अशीं पुष्कळ माणसें गांवींच अडकलीं. त्या दुष्काळांत सुमारें २,६०,००० जीव गेले. त्यांत निम्मीं पांच वर्षांखालील मुलें होतीं.

देशत्यागासही भांडवल लागतें, हें आपणां व्यापारी व जमीनदार मंडळींस सांगणें नको. म्हणून आमची विनंती इतकीच कीं, जें द्यावयाचें तें शेवटची शेळी विकली जाण्यापूर्वीं द्यावें, आणि छावणीबरोबर गांवासही द्यावें.